‘बंद पडणे’ : यंत्रातील बिघाड व त्याचे वर्णन

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा नारळी-पोफळीच्या बागांबरोबर रस्त्यांवरही झाडे आडवी झाली. अशा प्रसंगी वाट मोकळी होणे पुष्कळ अंशी चेनसॉवर, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीवर, अवलंबून असते. करवत थांबली की रुग्णवाहिकाही थांबते. तिचा बिघाड हा यंत्रविद्येचा विषय खरा. परंतु तो कळविला जातो शब्दांनी, आणि तेवढ्यापुरता तो भाषाभ्यासाच्या कक्षेत येतो.

मराठीत ‘बंद करणे’ या प्रयोगाला कर्ता लागतो. ‘बंद होणे’ बहुधा तटस्थ असते. ‘बंद पडणे’ यातून मात्र घटना अनिष्ट आहे, एवढेच सूचित होते. कारणाचा बोध होत नाही. ‘करवत बंद पडली’ या एका वाक्यात म्हणूनच निदान चार भिन्न अवस्था सामावतात.

पहिली, करवत सुरूच होत नाही. येथे शिळे इंधन किंवा ओला झालेला, काजळी धरलेला स्पार्क प्लग यांचा संशय घ्यावा. दुसरी, ती सुरू होते, पण जोर देताच दम तोडते. एअर फिल्टर भुशाने भरला असेल किंवा इंधनाची वाट तुंबली असेल. तिसरी, इंजिन चालते, पण लाकूड कापले जात नाही. कापातून ढलप्यांऐवजी बारीक भुकटी पडू लागली, तर साखळी बोथट झाली असे समजावे. चौथी, झाडाच्या भाराने काप मिटतो व करवतीची पट्टी त्यात अडकते. या अवस्थेत यंत्र वस्तुतः निर्दोष असते.

राखीव साधने कोणती ठेवावीत, हे या भेदावरूनच ठरते. पहिल्या अवस्थेसाठी नवा प्लग व ताजे मिश्रण हवे. अनेक करवतींत १ लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल हे प्रमाण असते. मात्र निर्मात्याची सूचनाच अखेरची मानावी. दुसरीसाठी जादा फिल्टर, तिसरीसाठी धार लावलेली साखळी व गोल कानस, चौथीसाठी लाकडी किंवा प्लास्टिकची पाचर आणि दुसरी करवत आवश्यक ठरते. साखळीला हात लावण्यापूर्वी इंजिन थांबवून प्लगची टोपी काढली पाहिजे, हे सर्व अवस्थांना समान आहे.

केवळ दुसरी करवत बाळगल्याने प्रश्न सुटत नाही. दोन्ही करवतींत एकाच डब्यातील शिळे इंधन भरले, तर एकीमागोमाग दुसरीही बंद पडेल. पर्यायी साधनाचा उपयोग बिघाडाचे कारण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही तोवरच असतो. म्हणून पथकाच्या नोंदवहीत ‘बंद पडली’ एवढेच न लिहिता ‘सुरू होत नाही’, ‘दम तोडते’, ‘कापत नाही’, ‘अडकली’ असे वेगळे शब्द योजणे इष्ट होय. वर्णन नेमके असले, म्हणजे मागून येणारा मनुष्य योग्य वस्तू घेऊन येतो.