दम्याचं सलाईन, दम्याची सुई

पावसाळा लागला की आणि पुन्हा दिवाळीनंतरच्या थंडीत नागपूरच्या नंदनवनमधल्या दवाखान्यांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "डॉक्टर, एक सलाईन लावून द्या ना, मग मोकळं वाटते." जगनाडे चौक असो की हसनबाग, दम लागलेल्या माणसाच्या उशाशी बाटली लटकली की घरच्यांच्याही जीवात जीव येतो. अलीकडे त्यात एका नव्या समजुतीची भर पडली आहे. मोठ्या रुग्णालयात दम्यासाठी महिन्याला एक महागडा डोस देतात, तो शिरेतून चढवला की दमा कायमचा जातो, अशी ती समजूत. दोन्ही समजुतींचं मूळ एकच आहे. शिरेतून गेलेलं औषध म्हणजे जास्त ताकदीचं औषध, असं आपण गृहीत धरतो. दम्यात हे बहुतेक वेळा खरं नसतं.

आधी त्या बाटलीत काय असतं ते पाहू. नुसतं सलाईन म्हणजे ०.९ टक्के मीठ आणि बाकी पाणी. त्यानं आवळलेली श्वासनलिका सैल होत नाही. औषध असतं ते त्यात किंवा त्यासोबत सोडलेल्या इंजेक्शनांमध्ये, आणि ती बहुधा डेरिफायलिन आणि हायड्रोकॉर्टिसोन किंवा डेक्सामेथासोन असतात. डेरिफायलिन हे थिओफायलिनच्या कुळातलं. या कुळातल्या औषधांत गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडं असतं. मात्रा थोडी चढली तरी उलट्या, धडधड, हृदयाचे अनियमित ठोके आणि प्रसंगी फिटसुद्धा येऊ शकते. म्हणूनच दम्याच्या उपचारांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'जीना'च्या मार्गदर्शक सूचना अटॅकमध्ये ही औषधं शिरेतून देऊ नयेत असं सांगतात. राहिलं स्टिरॉइड. ज्याला गोळी गिळता येते, त्याला प्रेडनिसोलोनची गोळी शिरेतल्या स्टिरॉइडइतकीच लागू पडते, आणि दोन्हींचा गुण दिसायला किमान चार तास जातात.

मग बाटली लागल्यावर अर्ध्या तासात मोकळं कशानं वाटतं? बहुतेकदा त्याच वेळी तोंडाला लावलेल्या नेब्युलायझरनं. म्हणजे आराम देणारं औषध श्वासातूनच आत गेलेलं असतं आणि श्रेय बाटलीला मिळतं.

तेच श्वासातलं औषध रोज पंपातून घ्यायचं म्हटलं, की मात्र "पंपाची सवय लागते" हे उत्तर तयार असतं. इथे हिशेब पाहण्यासारखा आहे. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची नेहमीची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीसपट. गोळी साऱ्या अंगात फिरून थोडीशी फुफ्फुसात पोचते, पंप थेट तिथेच जातो. पंप बंद केल्यावर दम पुन्हा लागतो तो सवयीमुळे नव्हे, तर श्वासनलिकेची सूज तशीच राहिल्यामुळे. ती सूज उतरवतो तो स्टिरॉइड असलेला पंप. नुसता साल्ब्युटामॉलचा पंप ओढत दिवस काढणं धोक्याचं आहे, आणि २०१९पासून 'जीना'नं त्या एकट्या पंपावर दम्याचे उपचार करू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू इथे होतात. या तफावतीमागे सूज उतरवणारा पंप न वापरणं हे एक मोठं कारण आहे.

आता 'महिन्याची सुई'. या नावाखाली दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी खपतात, आणि सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते या घोटाळ्यात. पहिली सुई स्टिरॉइडची, ट्रायमसिनोलोनसारख्या औषधाची. ती स्नायूत दिली की काही आठवडे अंगात झिरपत राहते. रुग्णाला खरोखर बरं वाटतं, भूक लागते, अंगात जोर येतो, आणि तो पुढच्या महिन्यात स्वतःहून सुई मागतो. दरम्यान रक्तातली साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू धरतो, आणि शरीराची स्वतःचं स्टिरॉइड तयार करण्याची क्षमता मंदावते. नाव न सांगता दिल्या जाणाऱ्या 'दम्याच्या पुड्यां'मध्येही अनेकदा स्टिरॉइडच कुटलेलं असतं.

दुसरी सुई बायोलॉजिक औषधांची, आणि ती स्टिरॉइड नव्हे. हे प्रयोगशाळेत तयार केलेले प्रतिपिंड असतात आणि दम्याच्या साखळीतली एखादीच कडी पकडतात. ओमालिझुमॅब अ‍ॅलर्जीतल्या 'आयजीई' या प्रतिपिंडाला बांधून ठेवतं. अमेरिकेत २००३ साली त्याला मान्यता मिळाली. मेपोलिझुमॅब आणि बेन्रालिझुमॅब इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींवर काम करतात, तर डुपिलुमॅब आणखी वेगळ्या संदेशांना अडवतं. भारतात वापरली जाणारी ही चारही औषधं त्वचेखाली टोचायची आहेत. दंडात, पोटावर किंवा मांडीत. गंभीर दम्यासाठी शिरेतून द्यायचं म्हणून ओळखलं जाणारं बायोलॉजिक म्हणजे रेस्लिझुमॅब. अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळालेलं हे औषध वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम या मात्रेत, दर चार आठवड्यांनी, २० ते ५० मिनिटांत चढवतात. ते देताना तीव्र अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया येऊ शकते म्हणून रुग्णावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

शिरेतलं औषध जास्त प्रभावी असतं का, याचं उत्तर एका चाचणीत थेट मिळतं. मेपोलिझुमॅबच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या 'मेन्सा' चाचणीत ५७६ रुग्ण होते. काहींना हे औषध शिरेतून दिलं, काहींना त्वचेखाली, तर काहींना औषध नसलेली सुई. औषध नसलेल्या गटाच्या तुलनेत शिरेवाल्या गटात तीव्र अटॅक ४७ टक्क्यांनी कमी झाले, त्वचेखालच्या गटात ५३ टक्क्यांनी. शिरेला इथे काही खास मान नव्हता.

पण त्याहून बोलका आहे तो याच औषधाचा आधीचा इतिहास. २००७ साली ३६२ रुग्णांवरच्या चाचणीत मेपोलिझुमॅब जवळपास नापास झालं होतं. तेव्हा रुग्ण निवडताना त्यांच्यात इओसिनोफिल वाढलेत की नाही, हे पाहिलंच नव्हतं. २००९ साली इंग्लंडमधल्या लेस्टर आणि कॅनडातल्या हॅमिल्टन इथल्या संशोधकांनी उपचार करूनही इओसिनोफिल चढेच राहणारे मोजके रुग्ण निवडले, आणि त्याच औषधानं अटॅक कमी करून दाखवले. औषध बदललं नव्हतं, माणसं नेमकी निवडली होती.

म्हणून "पैसे भरतो, पण तीच सुई द्या" हा हट्ट निरर्थक आहे. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात दम्याच्या शंभर प्रौढ रुग्णांमागे जेमतेम चार जणांचा दमा खऱ्या अर्थानं गंभीर, म्हणजे भरपूर औषध नीट घेऊनही न आवरणारा निघाला. इतरांचा दम न आटोपण्याची कारणं बहुधा साधी असतात. पंप ओढण्याची पद्धत हे त्यांतलं पहिलं. पंप हलवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, दाबताक्षणी सावकाश आत ओढायचा, मग दहा सेकंद रोखायचा. यातली एक पायरी चुकली की औषध घशातच बसतं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला की हे जुळवणं कितीतरी सोपं होतं, तरी तो कित्येक घरांत कपाटावर पडलेला असतो.

दुसरं कारण म्हणजे मुळात तो दमाच नसणं. चुलीच्या धुरानं किंवा बिडीनं खराब झालेली फुफ्फुसं, थकलेलं हृदय, हे सगळं 'दमा' म्हणून वर्षानुवर्षं चालतं. नागपूरकरांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. फुफ्फुसांच्या ऊतींच्या आजारांची देशभरातल्या २७ केंद्रांतली नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. १,०८४ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना अतिसंवेदनशीलतेमुळे होणारा फुफ्फुसदाह होता, आणि त्यांतले जवळपास निम्मे कूलरच्या संपर्कातले होते. उन्हाळाभर कूलर चालणाऱ्या या शहरात कूलरच्या ताट्यांवर बुरशी धरते. त्या दरवर्षी बदलणं आणि टाकी घासून कोरडी करणं हा काही फुकटचा सोपस्कार नाही.

तिसरी अडचण रक्ताच्या अहवालात लपते. इओसिनोफिल पोटातल्या जंतांनीही वाढतात. इओसिनोफिलविरोधी सुई सुरू करण्याआधी जंतांचा उपचार उरकून घ्यावा लागतो. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांतले छातीरोगतज्ज्ञ आधी स्पायरोमेट्री ही श्वासाची तपासणी आणि रक्ततपासणी सांगतात तेव्हा ते वेळकाढूपणा करत नसतात.

सुई लागू पडली तरी रोजचा पंप सुटत नाही. किमान चार महिने देऊन मग गुण पाहायचा असतो. गुण नसेल तर खर्च तिथेच थांबवायचा. आधी तोंडी स्टिरॉइड घेत असलेल्या रुग्णानं ते एकाएकी बंद करू नये, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवावं. दमा कायमचा जातो, असा दावा यांतल्या कोणत्याच औषधाचा नाही. मृगाच्या सुमारास हैदराबादला जिवंत मासा गिळायला जाणाऱ्यांत विदर्भातलेही लोक असतात. त्या औषधाचा गुण कोणत्याही काटेकोर चाचणीत सिद्ध झालेला नाही. त्या वारीला जाताना पंप घरी विसरला तर धोका मात्र नक्की.

मग दम्याच्या अटॅकमध्ये शिरेतून चढवण्याचा काहीच उपयोग नाही का? एका प्रसंगी आहे. रुग्णाला एक वाक्यही सलग बोलता येत नाही, ओठ काळेनिळे दिसतात किंवा बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली जातो, तेव्हा गल्लीतल्या दवाखान्यात बाटली लावण्यात वेळ घालवू नये. स्पेसर लावून पंपाचे ४ ते १० पफ दर वीस मिनिटांनी देत थेट मोठं रुग्णालय गाठावं. तिथे ऑक्सिजन, नेब्युलायझर आणि स्टिरॉइड देऊनही दम उतरला नाही, तर २ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट वीस मिनिटांत शिरेतून सोडतात, रक्तदाबावर नजर ठेवून.