जीपची थरथर

तीन इंच. एवढीच उंची वाढवली होती मी आमच्या २००० सालच्या जीप रँग्लरची. मोआबच्या खडकांवर तिचं पोट घासायचं, म्हणून किट मागवलं, दोन शनिवार घालवून स्प्रिंग आणि शॉक बदलले आणि डेन्व्हरच्या आमच्या गल्लीत गाडी कशी ऐटीत उभी राहिली!

हायवेवर मात्र ताशी ५५ मैलांना सीटखाली गुणगुण सुरू झाली. साठला ती दातांपर्यंत पोचली. "या गाडीत मी मुलांना बसवणार नाही," बायकोनं जाहीर केलं. दोनदा टायर बॅलन्स करून आणले. फरक काडीचा नाही. विकून टाकावी असं मनात येऊ लागलं.

त्याच सुमारास अण्णा सांगलीहून आले. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म काढलेला माणूस दिवसभर खिडकीशी बसून असायचा. परतीचं तिकीट अलीकडे ओढता येईल का, हे दोनदा विचारून झालं होतं. एका रविवारी देवळातून येताना थरथर सुरू झाली, तसा त्यांनी वाकून तळहात गाडीच्या तळाला टेकवला.

"टायर न्हवं. टायर स्टेअरिंग हलवतो. हे शाफ्टचं दुखणं."

हिशेब केला तर पटलं. ३१ इंची टायर साठच्या वेगाला सेकंदाला साधारण ११ फेरे घेतो. आमच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.७३, म्हणजे शाफ्टचे फेरे ४०. अंगात भिनणारी ती बारीक थरथर टायरची असणं कठीणच.

आमच्या मॉडेलचा पुढचा शाफ्ट टू-व्हीलमध्येही फिरत राहतो. तो काढून गाडी पळवली. थरथर तशीच, म्हणजे दोष मागच्याचा. अण्णांनी आधी त्याच्या दोन्ही टोकांचे कान एका रेषेत आहेत का, ते बघितलं. होते. क्रॉस हलवून पाहिले, तेही घट्ट.

मग खडूनं गॅरेजच्या फरशीवर चित्र काढून त्यांनी नातवाला समजावलं. मोडता कोन असला की क्रॉसपलीकडचा शाफ्ट एकाच फेऱ्यात दोनदा पळतो, दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाला तेवढाच कोन असला, तर तो क्रॉस ही चूक पुसून टाकतो. गाडी उंच झाली की ट्रान्सफर केस वर जाते, ॲक्सल खालीच राहतो. रँग्लरचा मागचा शाफ्ट आखूड, त्यामुळे कोन लगेच वाढतो, आणि हात खाली झुकल्यानं ॲक्सलचं नाकही फिरतं. एसटीच्या लांब गाडीत दोन तुकड्यांचा शाफ्ट आणि मध्ये सेंटर बेअरिंग असतं. इथे त्याला जागाच नाही.

स्वस्त उपाय मी आधी केला: स्पेसर घालून ट्रान्सफर केस इंचभर खाली घेतली. थरथर कमी झाली, गेली नाही. शिवाय पोट पुन्हा खाली आलं. मग तीन इंच उचलायचा खटाटोप कशाला केला होता? माझ्या मते हा उपाय म्हणजे दुखऱ्या दातावर लवंग.

अण्णांचं लक्ष पुढच्या शाफ्टकडे गेलं. "हितं कंपनीनंच दोन क्रॉस शेजारी दिलेत की. मागं का न्हाई?"

तोच खरा इलाज होता. मागचा सरकता यॉक काढून पक्का यॉक बसवणारं किट घेतलं, आणि वरच्या टोकाला जोडक्रॉस असलेला नवा शाफ्ट. आता वरचे दोन क्रॉस एकमेकांची चूक पुसणार, म्हणून खालच्या क्रॉसला कोन जवळपास नकोच. त्यासाठी ॲक्सलचे वरचे हात लांबी बदलता येणारे घातले आणि थोडे वाढवून नाक शाफ्टच्या रेषेत वर आणलं; अंशभर खालीच ठेवलं, कारण ॲक्सिलरेटर दाबला की ते उचलतं. स्पेसर काढून टाकले. खर्च किटच्या किमतीहून जास्त झाला, हे घरी अजून सांगितलेलं नाही. आता अंकात वाचतीलच.

अण्णा रोज सहाला कामाचे कपडे घालून गॅरेजमध्ये हजर. मी उठण्याआधी त्यांनी आणि मुलानं पाने मांडून ठेवलेले असायचे.

चौथ्या शनिवारी आय-७० वर निघालो. पासष्टला अण्णांनी तळहात खाली टेकवला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"मागचा डावा बुश वाजतोय. पुढच्या शनिवारी बघू."