बिघाडाचा लपंडाव

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण हा परिसर मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९९८ साली लोकांपुढे आलेली इंडिका मोटार पिंपरीच्याच कारखान्यात तयार होत असे. या भागात जुन्या मोटारी दुरुस्त करणारी लहान-मोठी गॅरेजेही पुष्कळ आहेत. अशाच एका गॅरेजमधील ही हकिकत.

चाकणला आमच्या शेजारी एक चाचा राहतात. त्यांची मोटार वीस वर्षांची जुनी आहे. दर आठवड्याला ते आपल्या आजारी अम्मींना पिंपरीच्या रुग्णालयात नेतात. एका उन्हाळ्यात मोटारीचा एसी लहरी झाला. मोशीला वाहनांची कोंडी झाली, की तो गरम हवा सोडू लागे. अम्मींचा जीव घाबरा होई. पण गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत हवा पुन्हा गार! एका कारागिराने सांगितले, "कॉम्प्रेसर बदलावा लागेल." खर्च ऐकून चाचांना घामच फुटला.

शेवटी ते भोसरीच्या एका उस्तादांकडे गेले. उस्तादांनी पान्याला हात लावण्याआधी विचारले, "चाचा, एसी बंद पडतो तो केव्हा? गाडी उभी असताना, की धावताना?"

"उभी असताना. गाडी पळू लागली, की थोड्या वेळाने पुन्हा गार होतो."

"मग अर्धे उत्तर तुम्हीच दिलेत!" उस्ताद हसून म्हणाले.

ते कसे? चला, समजून घेऊ या. माठातले पाणी बाहेर झिरपते व त्याची वाफ होते. वाफ होताना ते उष्णता घेते, म्हणून माठ गार राहतो. एसीमध्ये हे काम एक खास वायू करतो. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर या वायूला दाबतो. त्यामुळे वायू तापतो. मग तो मोटारीच्या पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये जातो. तेथे उष्णता बाहेर टाकून तो द्रवरूप होतो. पुढे दाब कमी झाला, की त्याची पुन्हा वाफ होते. वाफ होताना तो मोटारीच्या आतील हवेची उष्णता शोषून घेतो.

गाडी धावत असताना कंडेन्सरला समोरून वारा लागतो. गाडी थांबली, की सारी भिस्त पंख्यावर असते. पंखा फिरला नाही, तर वायूचा दाब फार वाढतो. तेव्हा दाबावर चालणारे बटण कॉम्प्रेसरला आपोआप थांबवते.

उस्तादांनी इंजिन व एसी चालू करून गाडी उभी ठेवली. काही वेळाने पंखा थांबलेला दिसला. त्यांनी लांब लाकडी दांड्याने पंख्याच्या मोटारीवर हलकेच ठोकले. पंखा गर्रकन फिरू लागला! मोटारीतील कार्बन ब्रश झिजले होते. कॉम्प्रेसर अगदी ठीक होता.

बिघाड इतर प्रकारचेही असतात. खड्ड्यात आदळताच एसी बंद-चालू होत असेल, तर एखादी तार सैल असू शकते. लांबच्या प्रवासात हवेचा झोत हळूहळू कमी होत असेल, तर आतल्या थंड नळ्यांवर बर्फ साठला असेल. कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होत असेल, तर वायू कमी झाला असण्याचा संभव असतो. अशा वेळी नुसता वायू भरून भागत नाही. आधी गळती शोधावी लागते. पूर्वीच्या मोटारींतील आर-१२ वायूमुळे ओझोनच्या थराला हानी पोहोचते. म्हणूनच १९८७ च्या माँट्रियल करारानुसार जगाने असे वायू कमी करायचे ठरवले.

मुलांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. चालू इंजिनाजवळ हात घालू नका. बंद दिसणारा पंखाही अचानक फिरू लागतो.

आता चाचांच्या गाडीत एक छोटी वही असते. काही बिघडले, की केव्हा, कोठे आणि कसे, हे ते लगेच लिहून ठेवतात. आणि मोशीच्या कोंडीतही अम्मी शांतपणे डुलकी घेतात.