क्लबातले सभासद पन्नाशीचे का? वय, काळ आणि पिढी यांचा गुंता

पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. या टप्प्यावर बरेच जण विचारतात, ‘वयानुसार फरक’ असा विषय घेऊ का? सोपा वाटतो ना! प्रश्नावलीत वयाचा एक रकाना टाकायचा, गट पाडायचे, तक्ता काढायचा, झालं. आजची पोस्ट त्या एका रकान्याबद्दल आहे.

उदाहरण जरा चैनीचं घेऊ: स्पोर्ट्स कार क्लबच्या सभासदांची वयं. बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांचं राज्य, तिथे हा विषय कुठून आला, असं वाटेल. पण बारामती एमआयडीसीतल्या पियाजिओच्या कारखान्यात २०१२ पासून व्हेस्पा बनते आणि २०२३ साली बाजारात आलेली एप्रिलिया आरएस ४५७ ही स्पोर्ट्स बाईकही तिथलीच. म्हणजे हौशी लोकांच्या क्लबांना लागणारी वाहनं आपल्या शेजारीच तयार होतात. त्या बाईककडे पुढे येऊच.

आधी सरासरी बघू

समजा एका क्लबात दहा सभासद आहेत. वयं अशी: २२, २३, २४, २५, २६, ५४, ५५, ५६, ५७, ५८. बेरीज ४००, सरासरी ४०. मध्यक काढला तरी ४०च येतो. आता प्रबंधात लिहाल की ‘क्लबचा सामान्य सभासद चाळिशीचा आहे’. पण चाळिशीचा माणूस त्या क्लबात एकही नाही! इथे दोन वेगळे गट आहेत. म्हणून पहिला नियम: आकडा काढण्याआधी वितरणाचा आलेख काढा. दोन उंचवटे दिसले तर सरासरी बाजूला ठेवा आणि ते दोन गट कशामुळे झाले ते शोधा.

एकाच आकड्यामागे तीन कारणं

आता समजा दुसऱ्या एका क्लबात बहुतेक सभासद पन्नाशीच्या पुढचे निघाले. लगेच निष्कर्ष तयार असतो: ‘आजच्या तरुणांना गाड्यांची आवड उरली नाही.’ थांबा. यामागे किमान तीन कारणं असू शकतात.

पहिलं, वयाचा परिणाम. पन्नाशीला कर्ज फिटलेलं असतं, मुलं मार्गी लागलेली असतात, हातात पैसा आणि रविवारची सकाळ मोकळी असते. आजचा पंचविशीतला मुलगाही पन्नाशीला तिथे पोचेल.

दुसरं, काळाचा परिणाम. एखादी घटना सगळ्याच वयाच्या लोकांना एकाच वेळी लागू होते. १९९३ मध्ये मोटार उद्योगाची परवाना पद्धत उठली आणि हळूहळू बाजारात परदेशी कंपन्या आल्या. हा बदल वय विचारून आला नाही.

तिसरं, पिढीचा परिणाम. संशोधनात याला कोहोर्ट म्हणतात, म्हणजे ठराविक काळात जन्मलेला गट. १९७० साली जन्मलेला माणूस १९८८ मध्ये अठरा वर्षांचा झाला. तेव्हा रस्त्यावर अँबॅसडर, पद्मिनी, मारुती ८०० अशी हातावर मोजण्याइतकी मॉडेलं होती. स्पोर्ट्स कार म्हणजे पोस्टरवरचं चित्र. २००० साली जन्मलेल्या मुलाने त्याच गाड्या मोबाईलवर आणि गेममध्ये हजार वेळा ‘चालवल्या’ आहेत. दोघांची ओढ वेगळी, आणि ती वय वाढल्यावरही वेगळीच राहू शकते.

काळाचा धक्का वेगवेगळ्या वयात बसला की त्यातून पिढी तयार होते. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे बैलगाडी शर्यत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली. बंदी आली तेव्हा तेरा वर्षांचा असलेला पोरगा परवानगी मिळाली तेव्हा वीस वर्षांचा झाला होता. ज्या वयात छंद जडतो, ती त्याची वर्षं बंदीत गेली. चाळिशीच्या गाडामालकासाठी मात्र तो फक्त मधला खंड होता. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ च्या पिढ्यांवरच्या निबंधात हाच मुद्दा मांडला होता: माणूस कोणत्या वयात कोणत्या घटनेला सामोरा जातो, यावरून पिढी घडते.

गणित कुठे अडतं

विज्ञान शाखेतल्यांना वाटेल, तिन्ही चलं समाश्रयणात टाकू, सॉफ्टवेअर उत्तर देईल. नाही देणार. कारण:

वय = सर्वेक्षणाचं वर्ष − जन्मवर्ष

तीनपैकी दोन कळले की तिसरं आपोआप ठरतं. वयाच्या गुणकात कोणताही आकडा मिळवा, काळाच्या गुणकातून तोच वजा करा आणि जन्मवर्षाच्या गुणकात तोच मिळवा; अंदाज जराही बदलत नाही. म्हणजे उत्तरं अनंत आणि सगळी तितकीच बरोबर. नमुना शंभराचा असो की लाखाचा, ही अडचण सुटत नाही. आणि सर्वेक्षण एकदाच केलं असेल तर वय आणि जन्मवर्ष ही एकाच गोष्टीची दोन नावं होतात.

मग करायचं काय?

पहिला उपाय: जुनी माहिती शोधा. समजा दहा वर्षांपूर्वी क्लबची सरासरी ४० होती आणि आज ५० आहे. तर बहुधा तेच लोक म्हातारे होतायत आणि नवे येत नाहीयेत. पण तेव्हाही ५० आणि आजही ५०, आणि नावं मात्र बदललेली, तर लोक पन्नाशीला येतात आणि पुढे बाहेर पडतात. पूर्ण उलगडा यानेही होत नाही, पण दोन स्पष्टीकरणांपैकी एक तरी कमकुवत पडतं.

दुसरा उपाय: नियम वेगळे असलेल्या दोन ठिकाणांची तुलना. इथे आपली बारामतीची बाईक कामाला येते. आरएस ४५७ ची शक्ती ३५ किलोवॅट आहे. युरोपात अठराव्या वर्षी मिळणाऱ्या ए२ परवान्याची मर्यादाही बरोबर ३५ किलोवॅट! त्याहून ताकदवान बाईक हवी तर ए२ वर दोन वर्षं काढून विसाव्या वर्षी, नाहीतर थेट चोविसाव्या वर्षी परवाना मिळतो. भारतात अठरा पूर्ण झाले आणि गिअरच्या दुचाकीचा परवाना मिळाला की अशी पायरी नाही. म्हणजे त्याच कारखान्यातून निघालेली तीच बाईक तिकडे कायद्याने तरुणांच्या वाट्याला येते. इकडे तरुण आणि ती बाईक यांच्यामध्ये मुख्यतः किंमत उभी असते. दोन्हीकडच्या क्लबांत वयाचा फरक दिसला तर लगेच ‘संस्कृती’ला श्रेय देऊ नका, आधी परवान्याचा नियम वाचा.

सभासद नेमका कोण?

आता मोजमापाचा प्रश्न. आपल्याकडे सातबारा आजोबांच्या नावावर आणि शेती नातू बघतो. गाडीचंही तसंच: आरसी वडिलांच्या नावावर, चावी पोराच्या खिशात. सभासदांच्या यादीत ५६ वर्षांचे वडील दिसतील आणि रविवारी गाडी घेऊन २४ वर्षांचा मुलगा येईल. तुमच्या तक्त्यात कोणाचं वय जाणार?

शिवाय वयच खरं असतं का? तोंडी विचारलं तर लोक ४५, ५०, ५५ असे गोल आकडे सांगतात. कागदावर बघाल तर गावाकडच्या जुन्या पिढीत १ जून ही जन्मतारीख किती जणांची आहे, हे मोजून बघा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख.

प्रश्नावलीत एवढं तरी विचारा

- वय नको, जन्मवर्ष विचारा.
- क्लबात कोणत्या वर्षी आलात?
- घरात पहिलं वाहन कोणत्या वर्षी आलं?
- गाडी कोणाच्या नावावर, चालवतं कोण?
- सोडून गेलेल्या सभासदांची यादी मिळते का? उरलेल्यांना विचारून गेलेल्यांचं कारण कळत नाही.

विषय चैनीचा असला तरी मुद्दा सगळीकडे लागू होतो. साखर कारखान्याच्या सभासदांचं वय घ्या, दूध संस्थेचं घ्या, ग्रंथालयाच्या वाचकांचं घ्या. ‘नव्या पिढीला रस नाही’ हे वाक्य लिहायला एक ओळ लागते, पण त्यावरून वर्गणी ठरते, योजना बंद होतात आणि एका अख्ख्या पिढीवर शिक्का बसतो. एका सर्वेक्षणातून फार तर इतकंच म्हणता येतं: ‘या वर्षी, या क्लबात, या वयाचे लोक जास्त आढळले.’ सिनॉप्सिसमध्ये तेवढंच लिहा. त्यापुढे एक शब्द जरी लिहिला, तरी आरएसीत पहिला प्रश्न त्यावरच येईल, आणि यायलाच हवा.