गेम तयार झाला, पण कन्सोलवर नेण्याचा खर्च कोण करणार?



घाटकोपरचा फरसाणवाला स्वतःच्या दुकानात चिवडा विकतो, तोवर हिशोब सोपा असतो. तोच चिवडा मॉलच्या रॅकवर ठेवायचा म्हटलं की पाकीट बदलतं, बारकोड लागतो, न खपलेला माल परत घ्यावा लागतो. चिवडा तोच, धंदा वेगळा. अंधेरी-मुलुंडकडे दोन-तीन जण मिळून गेम बनवत असतील, तर प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेंडो स्विच हा त्यांचा मॉल. तयार गेम तिथे चालेल असा करणं, याला पोर्टिंग म्हणतात.

खर्च नेमका कुठे होतो?

कॉम्प्युटरवरच्या स्टीम या दुकानात गेम ठेवायला १०० डॉलर लागतात. विक्री १,००० डॉलरच्या वर गेली की तेही परत मिळतात. कन्सोलला मात्र आधी अर्ज, मंजुरी, गुप्ततेचा करार आणि मग डेव्ह किट, म्हणजे चाचणीसाठीचं खास मशीन. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये छोट्या डेव्हलपरांसाठी योजना आणली आणि निवड झालेल्यांना दोन किट मोफत देऊ केली. पण फुकट किटवर भुलू नका, खरा खर्च पगाराचा आहे.

स्विचची ताकद कमी, म्हणून चित्रं आणि वेग पुन्हा जुळवावे लागतात. मग येते कंपनीची तपासणी. खेळताना कंट्रोलर बंद पडला तर काय? मशीन झोपवून पुन्हा उठवलं तर? सेव्ह होताना वीज गेली तर? एका ठिकाणी नापास झालात की दुरुस्ती आणि पुन्हा रांग. प्रत्येक फेरीत तुमचं भाडं आणि पगार चालूच!

दुरुस्तीही कधीकधी महाग पडते. २०१२ मध्ये 'फेझ' या गेमच्या पॅचमध्ये काही खेळाडूंचं सेव्ह बिघडत होतं. नवा पॅच तपासायला हजारो डॉलर लागतील, म्हणून निर्मात्यांनी तोच पॅच तसाच ठेवला. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ही फी काढून टाकली.

पुण्याची 'राजी'

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण बघा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी : अॅन एन्शंट एपिक' बनवला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न फसला. काम थांबू नये म्हणून संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकला. पुढे प्रकाशक मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. कौतुक करायलाच हवं, पण घर विकणं हा बिझनेस प्लॅन नव्हे.

कागदावरचा हिशोब

समजा, पोर्टला १२ लाख रुपये लागले आणि गेमची किंमत १,००० रुपये आहे. (हे आकडे समजण्यापुरते आहेत.) दुकानाचा वाटा ३० टक्के धरला तर हातात ७०० उरतात. म्हणजे साधारण १,७१५ प्रती विकल्यावर खर्च निघतो. प्रकाशकाशी निम्मी वाटणी असेल तर ३५० उरतात आणि आकडा जातो ३,४३० प्रतींवर. वर ५० टक्के सेल लावलात तर थेट ६,८६०! कर अजून यात धरलेलाच नाही.

मग करायचं काय?

१. आधी एका दुकानात विका. तिथला प्रतिसाद बघूनच पुढचं कन्सोल ठरवा.

२. इंजिन निवडतानाच चौकशी करा. युनिटीला कन्सोलसाठी वरच्या दर्जाचं लायसन्स किंवा कन्सोल कंपनीची परवानगी लागते. गोडो मोफत आहे, पण कन्सोलचा गुप्त कोड त्यात येऊ शकत नाही, त्यामुळे पोर्टची सोय वेगळी करावी लागते.

३. प्रकाशकाच्या करारात नीट वाचा : पोर्टचा खर्च कोणाचा? तो तुमच्या वाट्यातून आधी वळता होणार का?

४. सोनीच्या इंडिया हिरो प्रोजेक्टसारख्या योजनांना अर्ज करा. नकार आला तरी अर्जाच्या निमित्ताने तुमचं बजेट कागदावर येतं.

आज रात्री एकच काम करा : खर्च भागिले एका प्रतीमागे हातात उरणारे पैसे. येणारा आकडा तुमच्या आजवरच्या विक्रीपेक्षा मोठा असेल, तर पोर्ट सहा महिने पुढे ढकला. गेम कुठेही पळून जात नाही, भांडवल मात्र जातं.