क्रीडा-जर्सी : संग्रह व गुणवत्ता

सांघिक खेळांत खेळाडू सामन्याच्या वेळी जो विणीचा सदरा अंगात घालतात, त्यास सामान्यतः जर्सी म्हणतात. इंग्लिश खाडीतील जर्सी या बेटावर लोकरीचे जाड, विणलेले अंगरखे कोळ्यांसाठी तयार होत. त्यांवरून हे नाव प्रथम कापडाला व पुढे खेळाडूच्या सदऱ्याला मिळाले. कबड्डी, खोखो इ. देशी खेळांच्या मैदानावर याच वस्त्राला ‘बनियन’ असेही म्हणतात. खेळाडूंच्या जर्सी जमविणे हा नाणी किंवा टपाल-तिकिटे जमविण्यासारखाच एक छंद आहे. मात्र नाणे शतकानुशतके टिकते; जर्सी टिकेलच असे नाही, आणि अलीकडची जर्सी तर जुन्या जर्सीपेक्षाही कमी टिकण्याचा संभव असतो.

‘अस्सल’ हा शब्द संग्राहक निरनिराळ्या अर्थांनी वापरतात. प्रत्यक्ष सामन्यात घातलेली जर्सी ही सर्वांत मोलाची. तिच्या खालोखाल विशिष्ट खेळाडूसाठी तयार केलेली, पण मैदानावर न गेलेली जर्सी येते. खेळाडूंच्याच प्रतीची, परंतु दुकानात विकली जाणारी जर्सी हा तिसरा प्रकार. चाहत्यांसाठी काढलेली अधिकृत प्रतिकृती ही त्याहून वेगळी वस्तू होय. हे भेद न जाणता केलेली खरेदी बहुधा पश्चात्तापास कारण होते.

भारतात या छंदाला उशिरा चालना मिळाली, याचे एक कारण क्रिकेटचा पांढरा पोशाख हे आहे. १९८३ चा विश्वचषक भारताने पांढऱ्या पोशाखातच जिंकला. पाठीवर नाव नाही, क्रमांक नाही, अशा सदऱ्यावरून तो कोणाचा व कोणत्या सामन्यातील हे सांगणे दुष्कर असते. त्यामुळे त्या काळातील संग्रहात बोधचिन्हाची टोपी, ब्लेझर व लोकरी स्वेटर यांनाच महत्त्व आले. १९९२ च्या विश्वचषक स्पर्धेत सर्व संघांनी रंगीत पोशाख केला व पाठीवर नावे आली. १९९९ च्या स्पर्धेत क्रमांकही आले. कसोटी सामन्यांतील पांढऱ्या सदऱ्यांवर नाव व क्रमांक २०१९ पासून दिसू लागले. क्रमांकाशी खेळाडूची ओळख किती घट्ट जुळते, याचा प्रत्यय २०१७ मध्ये आला. पालघरच्या शार्दुल ठाकूर यांनी एकदिवसीय सामन्यात सचिन तेंडुलकर यांचा १० हा क्रमांक घातला, तेव्हा चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली आणि पुढे तो क्रमांक वापरातून गेला. पुण्यात २०१२ मध्ये रोहन पाटे यांचे ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट-संग्रहालय उघडले. त्यात बॅटींबरोबर खेळाडूंच्या जर्सीही जतन केल्या आहेत.

गुणवत्तेतील बदल प्रामुख्याने तंतूंच्या बदलामुळे झाला. लोकर प्रमाणित हवेत आपल्या वजनाच्या सु. १६ टक्के व कापूस सु. ८ टक्के आर्द्रता धरून ठेवतो. पॉलिएस्टर केवळ ०·४ टक्के. घामाने भिजलेली सुती जर्सी जड होते, पॉलिएस्टरची हलकी राहते व लवकर वाळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम तंतूंनी कापसाला मागे सारले ते या गुणामुळे. पुढे कापड अधिकाधिक विरळ व ताणक्षम झाले. भरतकामाची बोधचिन्हे व शिवलेले क्रमांक यांच्या जागी उष्णतेने चिकटविलेले पातळ प्लास्टिकचे थर आले, कारण भरतकाम अंगाला घासते व वजन वाढविते.

यातून एक विपरीत स्थिती निर्माण झाली आहे. पूर्वी खेळाडूची जर्सी ही बाजारातील नकलेपेक्षा मजबूत असे. ती हंगामभर धुऊन पुन्हा घालावयाची असे. आजची अव्वल प्रतीची जर्सी थोड्या वापरासाठी, किंबहुना काही वेळा एकाच सामन्यासाठी, घडविलेली असते. तिच्यावरील छपाईला कालांतराने भेगा पडतात व कडा सुटतात. गडद कापडाचा रंग वर झिरपून पांढरा आकडा गुलाबी किंवा निळसर होतो. उलट, स्वस्त प्रतिकृतीचे कापड पुष्कळदा जाड व बोधचिन्ह भरतकामाचे असल्याने तीच अधिक टिकते. अधिक किंमत म्हणजे अधिक टिकाऊपणा, हा ग्राहकाचा समज येथे लागू पडत नाही.

कारागिरीवरून अस्सलपणा ठरविणे किती धोक्याचे, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसते. १९८६ च्या फुटबॉल विश्वचषकात अर्जेंटिनाची सुती निळी जर्सी मेक्सिकोच्या उष्म्यात फार जड वाटू लागली. तेव्हा इंग्लंडविरुद्धच्या सामन्यासाठी मेक्सिको शहरातील दुकानातून हलक्या जर्सी विकत आणण्यात आल्या व त्यांवर घाईघाईने बोधचिन्हे शिवून चंदेरी आकडे इस्त्रीने चिकटविण्यात आले. त्यांपैकी मॅराडोना यांनी घातलेली जर्सी २०२२ मध्ये लंडनमधील लिलावात ७१ लाख पौंडांहून अधिक किंमतीला विकली गेली. केवळ शिवण पाहणाऱ्याने ती नकली ठरविली असती. तिची ओळख पटविण्यासाठी सामन्याच्या छायाचित्रांशी तिचे बारकावे ताडून पाहण्यात आले. पट्ट्यांची जुळणी, टाक्यांचे वळण, आकड्याचा किंचित तिरपेपणा अशा खुणा याकामी उपयोगी पडतात. आणि म्हणूनच धुऊन, रफू करून ‘नीट’ केलेल्या जर्सीचे पुराव्याचे मूल्य घटते.

गावोगावच्या मंडळांच्या जर्सी मात्र या छंदात जवळजवळ दुर्लक्षित राहिल्या आहेत. सिन्नरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी व त्याच्या आसपासच्या खेड्यांत कबड्डी संघाच्या बनियनवर मंडळाचे नाव, गावाचे नाव व बहुधा देणगीदाराचे नाव असते. पूर्वी ते सुती बनियनवर जाळीच्या छपाईने उमटवीत. आता संगणकावर आराखडा करून रंग थेट पॉलिएस्टरमध्ये उतरवितात. ही दुसरी छपाई तंतूतच मुरलेली असल्याने तिला भेगा पडत नाहीत. अशा जर्सींची नक्कल करण्यात कोणाचाही लाभ नसल्याने त्या बहुशः अस्सल असतात. तथापि हंगाम संपला, की त्या शेतातल्या कामाला किंवा पुसण्याला लागतात, आणि त्या गावाच्या खेळाची वस्तुरूप नोंद नाहीशी होते.

जतनाच्या दृष्टीने हवामानाला महत्त्व आहे. कोकणातील दमट हवेत सुती कापडावर बुरशी येते व काही प्रकारची प्लास्टिक-छपाई चिकट होते. पर्जन्यछायेतील सिन्नर-येवला भागातील कोरडी हवा त्या मानाने अनुकूल असली, तरी तेथील धूळ व प्रखर ऊन अपायकारक ठरतात. लोकरीला कसर लागते, पॉलिएस्टरला लागत नाही. जर्सी खुंटीवर न टांगता आडवी ठेवावी, छपाईवर घडी पडू देऊ नये व मध्ये आम्लरहित कागद घालावा. छापील भागावर इस्त्री फिरवू नये. डांबराच्या गोळ्या छपाईला लागू न देणे इष्ट. सामना, तारीख व जर्सी कोणाकडून मिळाली याची नोंद कापडावर न लिहिता वेगळ्या चिठ्ठीवर करून ती जर्सीबरोबरच ठेवावी.