अंगणातले अभयारण्य

पहाटे गंगाखेडच्या गोदाकाठी गेले, की पक्षी सहज दिसतात. उथळ पाण्यात बगळा स्तब्ध उभा असतो. खंड्या पाण्यात सूर मारून मासा टिपतो. काठावर टिटवी ओरडत धावते. हीच गोदावरी वरच्या अंगाला, पैठणजवळ, जायकवाडी धरणाने अडवली आहे. तेथे पक्ष्यांसाठी अभयारण्य आहे. 'अभय' म्हणजे भीती नसणे आणि 'अरण्य' म्हणजे रान. जेथे पशुपक्ष्यांना माणसाची भीती वाटत नाही, ते अभयारण्य.

मुलांनो, असे एक लहानसे अभयारण्य तुमच्या अंगणातही होऊ शकते. पक्ष्यांना चारच गोष्टी हव्या असतात : पाणी, अन्न, घरट्यासाठी जागा आणि निर्भयता.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा वेळी सावलीत मातीचे पसरट, उथळ भांडे पाणी भरून ठेवावे. लहान पक्ष्यांना उभे राहता यावे, म्हणून त्यात एक दगड ठेवावा. पाणी रोज बदलावे, म्हणजे डास होत नाहीत.

दारात जास्वंद असेल, तर फुलांतला मध चाखायला शिंजीर येतो. पिकलेल्या लिंबोळ्या खायला बुलबुल आणि कोकीळ येतात. शिंपी पक्षी तर झाडाची पाने शिवून त्यांत घरटे करतो.

चिमणी दाणे टिपते, हे आपण रोज पाहतो. पण तिची पिल्ले दाण्यांवर वाढत नाहीत. चिमणी त्यांना अळ्या आणि किडे भरवते. म्हणून बागेत विषारी औषध फवारले, की किड्यांबरोबर पिल्लांचा घासही जातो. पूर्वी माळवदाच्या घरांत तुळयांच्या फटींत चिमण्या घरटी करत. सिमेंटच्या घरांत अशा फटी नसतात. तेव्हा वळचणीला, मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर, लाकडी खोके टांगावे. गोदावरीकाठच्याच नाशिक शहरात मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी काम सुरू केले. त्यांच्या संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा 'जागतिक चिमणी दिन' म्हणून पाळला जातो.

एका चिमणीनेच सलीम अली यांचे आयुष्य बदलले. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. तेव्हा मामांनी त्यांना मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत पाठवले. तेथे मिलार्ड साहेबांनी त्यांना पेंढा भरून ठेवलेले कितीतरी पक्षी दाखवले. मुलाचे कुतूहल जागे झाले. पुढे हाच मुलगा जगप्रसिद्ध पक्षितज्ज्ञ झाला. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले.

तुम्हांला बंदूक नको. एक वही पुरे. तारीख, वेळ, पक्ष्याचा रंग, आवाज आणि तो काय करत होता, एवढे लिहा. दुरून पाहा. घरट्याला हात लावू नका. काही दिवसांनी तुम्ही जवळून गेलात, तरी भांड्यावरचा बुलबुल उडून जाणार नाही. त्या दिवशी तुमचे अंगण खरे अभयारण्य झाले, असे समजा.

शब्दार्थ
स्तब्ध – न हलता
माळवद – मातीचे सपाट छप्पर
तुळई – छपराला आधार देणारे जाड लाकूड
वळचण – छपराच्या बाहेर आलेल्या कडेखालची जागा
कुतूहल – जाणून घेण्याची इच्छा